तारपा दिसतो, ढोलकी ऐकू येते

प्रति,
देशाचा कारभार पाहणारे आणि तो देश पडद्यावर कसा दिसावा, कसा ऐकू यावा हे ठरवणारे सर्व माननीय,

सप्रेम नमस्कार.

मालिकेत सासू दारात येऊन उभी राहते, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर तीनदा झेपावतो आणि तीनदा धडाम् असा आवाज येतो. तो आवाज माझ्यासारख्या कुणीतरी केलेला असतो. मी पार्श्वसंगीतकार आहे. बावीस वर्षं मुंबईत हेच करतोय. आधी दुसऱ्यांच्या सेशनला कीबोर्ड वाजवला, मग मालिका आल्या, माहितीपट आले, चार चित्रपट झाले आणि मधूनमधून सरकारी खात्यांच्या फिल्म. या शेवटच्या कामाबद्दल हे पत्र आहे. ते उघडं ठेवतोय, कारण याआधी बंद पाकिटातून दोन पत्रं पाठवली, त्यांची साधी पोचही आली नाही.

गेल्या महिन्यात एका सरकारी कचेरीची निविदा हाती आली. कचेरीचं नाव घेत नाही. तिथले साहेब बदलतील, मसुदा तोच राहील. विषय ‘विविधतेत एकता’, लांबी नव्वद सेकंद. चाळीस पानांच्या त्या कागदात संगीताच्या वाट्याला चार ओळी होत्या. संगीत तयार संग्रहातलं किंवा एआयकडून करून घेतलेलं चालेल. ते ‘पॅन-इंडिया’ वाटलं पाहिजे. त्याचे सगळे हक्क, रॉयल्टीसकट, कायमचे खात्याकडे. आणि काम एल-वनला, म्हणजे सगळ्यांत कमी दर भरेल त्याला.

ज्या निर्मात्याने मला विचारलं त्याने नमुन्यादाखल एक रफ कटही पाठवला होता. २८ राज्यं, ८ केंद्रशासित प्रदेश आणि नव्वद सेकंद. भागाकार केला तर प्रत्येकी अडीच सेकंद येतात. आपल्या महाराष्ट्राला चार मिळाले होते, तेव्हा तक्रारीला जागा नाही म्हणायची. मिनिटाला नव्वद मात्रांच्या टेम्पोला चार सेकंदांत सहा मात्रा बसतात. आठ मात्रांच्या केरवा तालाचं एक आवर्तनसुद्धा पुरं होत नाही.

त्या चार सेकंदांत पालघरकडचा तारपा होता. गाल फुगवून वाजवणारा एक म्हातारा, हातात वाळल्या दुधीचं आणि बांबूचं ते लांबलचक वाद्य, पुढे ताडाच्या पानाचा कर्णा, आणि भोवती एकमेकांच्या कमरेत हात घालून फेर धरलेली पोरंपोरी. चित्रण सुरेख होतं, संध्याकाळच्या उन्हातलं. आणि त्याच्याखाली संपादकाने टेम्प म्युझिक, म्हणजे तात्पुरतं संगीत म्हणून लावणीच्या ढोलकीचा तोडा लावला होता. सोबतच्या तक्त्यात लिहिलं होतं: ‘महाराष्ट्र, ढोलकी, एनर्जी’.

मी फोन केला. म्हटलं, अहो, दिसतोय तारपा. पलीकडून उत्तर आलं, “सर, तारपा कुणाला कळतोय? ढोलकी वाजली की लोकांना महाराष्ट्र कळतो.”

मी ते काम घेतलं नाही. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. तुमच्यापैकी कुणी व्यासपीठावर बोलत असताना, ‘लोकांना हाच आवाज ओळखीचा आहे’ म्हणून कुणी तुमच्या ओठांखाली दुसऱ्या पुढाऱ्याचा आवाज लावला, तर संध्याकाळपर्यंत गुन्हा नोंदवला जाईल. त्या म्हाताऱ्याच्या बाबतीत मात्र याला संकलन म्हणतात.

एक कबुली आधीच देऊन टाकतो, नाहीतर हे पत्र ढोंगी ठरेल. हाच गुन्हा मीही केलाय. बारा-तेरा वर्षांपूर्वी पर्यटनावरच्या एका फिल्ममध्ये केरळातल्या देवळापुढचा चेंडा नावाच्या ढोलांचा मेळा होता. चाळीसेक माणसं उघड्या अंगाने वाजवतायत, इलत्ताळम् नावाच्या झांजा झणझणतायत. मी खाली मृदंगम् लावला, कारण माझ्या सॅम्पल लायब्ररीत, म्हणजे मुद्रित करून ठेवलेल्या वाद्यांच्या संग्रहात, ‘साउथ’ नावाच्या फोल्डरमध्ये तेवढंच होतं. मिक्सिंगला मल्याळी ध्वनिमुद्रक होता. तो काही बोलला नाही. एकदा माझ्याकडे बघितलं आणि आवाजाचा फेडर हळूहळू खाली घेत नेला, इतका की शेवटी मृदंगम् ऐकूच येईना. त्या दिवशी मला फार राग आला होता. आज वाटतं, त्याने माझी अब्रू वाचवली.

तारपा लायब्ररीत का नसतो, हेही सांगतो, कारण निविदा काढणाऱ्याला वाटतं की सगळी वाद्यं कुठेतरी भरून ठेवलेली आहेत आणि आम्ही फक्त बटण दाबतो. तारप्याचे सूर कीबोर्डच्या पट्ट्यांत बसत नाहीत. प्रत्येक वाद्य घरी केलेलं, त्याचा षड्ज त्याचा स्वतःचा. वाजवणारा दम तोडत नाही; तोंडातली हवा बाहेर जात असतानाच नाकाने आत घेत राहतो, त्यामुळे त्या सुराला सुरुवात-शेवट असा नसतोच. आणि नाचणाऱ्यांना आकडे मोजून पाय टाकायचे नसतात. तारप्याची चाल बदलली की पाय बदलतात. म्हणजे तिथे तारपेवाला साथीदार नाही, फेराची सूत्रं त्याच्याच हातात आहेत. आता त्याच्याखाली ढोलकीचा तोडा लावा आणि आवाज बंद करून, चालू करून पाहा. पाय एकीकडे, ठेका दुसरीकडे. ज्याला ताल कळतो त्याला ते डोळ्यांनीही खटकतं.

एआयचं म्हणाल तर ते जे ऐकलंय तेच घोळून देतं. सतार, तबला, बासरी त्याने भरपूर ऐकलेली आहे. वारली पाड्यावरचा तारपा, मणिपूरचा पेना, संथाळांचं बनाम, काश्मिरातली तुंबकनारी यांचं ध्वनिमुद्रणच मुळात कमी, तर ते येणार कुठून? ‘भारतीय लोकसंगीत, उत्साही’ असं लिहून मागा आणि काय येतं ते ऐका. कुठल्याच गावचं नसलेलं, हॉटेलच्या लिफ्टमध्ये शोभेल असं काहीतरी येतं. त्याला कुणी नावं ठेवणार नाही आणि ते कुणाला आठवणारही नाही.

माझं खरं दुखणं असं की देश चालवणाऱ्यांनी संगीताकडे इतकं वरवर पाहावं, ही आपली जुनी रीत नव्हे.

मास्तर कृष्णरावांचं उदाहरण मराठी माणसाला सांगायला नको, तरी सांगतो. ते प्रभातचे संगीतकार. १९३९च्या ‘माणूस’मध्ये शांता हुबळीकरांच्या तोंडी त्यांनी ‘कशाला उद्याची बात’ दिलं. त्या गाण्यात कडवं बदललं की भाषा बदलते. आठ दशकांहून जास्त काळ लोटला, तरी विविधता म्हणजे काय हे सिनेमातून सांगायची ती रीत जुनी झालेली नाही, कारण भाषा बदलली तरी गाणारी बाई तीच राहते आणि समोर बसलेला माणूस बदलतो. याच माणसाने पुढे ‘वंदे मातरम्’ राष्ट्रगीत व्हावं म्हणून त्याला चाल बांधली. ते समूहाला गाता येणार नाही, बँडवर वाजणार नाही, असे आक्षेप होते. मास्तरांनी ते बँडवर बसवून घेतलं आणि दिल्लीला जाऊन संविधान सभेच्या सदस्यांपुढे प्रात्यक्षिकं दिली. पदरमोड करून, पेटी घेऊन.

दुसऱ्या बाजूलाही तितकाच विचार होता. २५ ऑगस्ट १९४८ला पंडित नेहरूंनी सभागृहात राष्ट्रगीताबद्दल निवेदन केलं. त्यात १९४७ला न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या प्रसंगी ‘जन गण मन’ वाद्यवृंदावर कसं वाजलं, लोकांना ते कसं भावलं, वाद्यवृंदाला आणि बँडला कुठली चाल मानवते, हा सगळा ऊहापोह आहे. नुकती फाळणी झालेली, निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या, हैदराबादचा प्रश्न तोंडावर. आणि पंतप्रधान ऑर्केस्ट्रेशनबद्दल बोलतोय! २४ जानेवारी १९५०ला डॉ. राजेंद्रप्रसादांनी निर्णय जाहीर केला: ‘जन गण मन’ राष्ट्रगीत आणि ‘वंदे मातरम्’ला बरोबरीचा मान. मास्तरांना हवं होतं तसं पुरतं झालं नाही. पण त्यांचं म्हणणं ऐकून घेणारं समोर कुणीतरी होतं.

बाळकृष्ण केसकरांचंही काढायलाच हवं, नाहीतर मी फक्त सोयीच्या आठवणी सांगतोय असं व्हायचं. जन्माने पुण्याचे, १९५२ ते १९६२ माहिती व प्रसारण मंत्री. शास्त्रीय संगीताचे जाणकार आणि सिनेसंगीताचे कडवे विरोधक. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ गायब झाली. लोकांनी काय केलं? रेडिओची सुई सिलोनवर नेली. १९५२पासून बिनाका गीतमालेने घरंच्या घरं तिकडे खेचली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू करावी लागली. मंत्र्याच्या आवडीपेक्षा रेडिओची सुई मोठी ठरली. आमच्या धंद्यातल्या लोकांनी केसकरांना कधी माफ केलं नाही.

मला मात्र अलीकडे त्यांच्याबद्दल विचित्र आदर वाटायला लागलाय. त्याच माणसाच्या काळात आकाशवाणीचा वाद्यवृंद उभा राहिला, संगीताचे अखिल भारतीय कार्यक्रम आणि रेडिओ संगीत संमेलनं सुरू झाली. त्यांचं मत चुकलं असेल, पण त्यांना मत होतं. त्यांच्याशी भांडता येत होतं. ‘पॅन-इंडिया वाटलं पाहिजे’ या ओळीशी कसं भांडायचं?

ज्या सिनेसंगीताला ते खालच्या दर्जाचं समजत होते, त्याच्या रेकॉर्डिंगच्या हॉलमध्ये त्या काळात काय चाललं होतं तेही पाहा. गोव्याच्या चर्चच्या शाळांत स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलेखन, शिकलेले अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसोझा अरेंजमेंट लिहितायत. केरसी लॉर्डसारखा पारशी वादक नवनवी वाद्यं आणून वाजवून दाखवतोय. दत्ताराम ढोलकवर असा ठेका धरतायत की पुढे त्याला ‘दत्तू ठेका’ असंच नाव पडलं. नेपाळी घरातले मनोहारी सिंग सॅक्सोफोन वाजवतायत. संगीतकार बंगाली, पंजाबी, लखनवी, मराठी, गुजराती. कुणी त्यांना विविधता दाखवा असं परिपत्रक काढलं नव्हतं. गाणं चांगलं व्हायला हवं होतं आणि त्यासाठी ज्याला जे येत होतं त्याला बोलावलं जात होतं. फार रम्य चित्र रंगवायला नको. त्यातल्या कितीतरी वादकांची नावं रेकॉर्डच्या वेष्टनावर कधी आली नाहीत आणि म्हातारपणी हाल झाले. म्हणूनच तर पुढचं लिहितोय.

आता तक्रारी. क्रमाने मांडतो, पण सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

पहिली तक्रार शिक्क्यांची. पंजाब म्हटलं की तुंबी, आसाम म्हटलं की पेपा, राजस्थान म्हटलं की मोरचंग, महाराष्ट्र म्हटलं की ढोलकी. प्रत्येक राज्याला एक वाद्य वाटून दिलंय, जसं पूर्वी तिकिटांवर एकेक पक्षी छापायचे. मग गडचिरोलीचा माणूस दाखवा, कोल्हापूरचा दाखवा नाहीतर वसईचा ख्रिस्ती दाखवा, खाली तोच तोडा. आमच्याच राज्यात संबळ आहे, हलगी आहे, दिमडी, चौंडकं, पावरी, घांगळी आहे. यातली अर्धी वाद्यं मराठी मालिकांतसुद्धा वाजत नाहीत, हे आमचं पाप. पण मालिकेवर बोधचिन्ह चॅनेलचं असतं. तुमच्या फिल्मवर राजमुद्रा असते.

दुसरी तक्रार वेळेची. १५ ऑगस्ट १९८८ला दूरदर्शनवर ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ आलं. भैरवी, अशोक पत्कींची चाल, लुई बँक्स यांचं संयोजन, पंडित भीमसेन जोशींचा आवाज. चौदा भाषा आणि साधारण सहा मिनिटं. त्यातही ईशान्येकडून एकटी असमिया आहे. बोडो, मणिपुरी, संथाळी नाहीत, हे त्याही वेळी खटकायला हवं होतं. पण प्रत्येक भाषेला तिथला गळा आहे आणि ओळ पुरी होईपर्यंत थांबायची सभ्यता आहे. तेव्हा दूरदर्शनशिवाय दुसरं काही नव्हतं, आज पाहणारे पाच सेकंदांत पुढे सरकवतात, हे मला माहीत आहे. पण मग छत्तीस प्रदेशांना एका फिल्ममध्ये कोंबायचा हट्ट कशाला? छत्तीस फिल्म करा.

तिसरी हक्कांची, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. २०१२ साली संसदेने कॉपीराइट कायदा दुरुस्त केला. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत तळमळीने बोलले आणि मे महिन्यात दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केलं. त्यानुसार चित्रपटात वापरलेल्या संगीताचा आणि शब्दांचा कर्ता चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरचा आपला रॉयल्टीचा हिस्सा सोडून देऊ शकत नाही. वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो, बाकी कुणालाही नाही. तसा करार केला तरी तो रद्दबातल. हा कायदा येण्याआधी आमच्या कितीतरी वडीलधाऱ्यांनी एकरकमी पाकिटावर आयुष्यभराची गाणी लिहून दिली. तो अन्याय तुमच्याच संसदेने दूर केला. आणि आता सरकारी निविदेच्या सव्विसाव्या पानावर लिहायचं, ‘रॉयल्टीसकट सर्व हक्क’? खासगी निर्माता असं लिहितो तेव्हा त्याला निदान कायदा माहीत नसतो म्हणून सोडून देता येतं.

चौथी तक्रार नावाची. इथे एक प्रसंग सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका माहितीपटासाठी मी तुळजापूरकडच्या एका संबळवाद्याला बोलावलं होतं. गोंधळी घरातला, पन्नाशीचा माणूस. रात्रभर एसटीने आला, वाद्यं मांडीवर घेऊन, कारण डिकीत आदळआपट होते. आम्ही त्याला हेडफोन लावला आणि लय धरायला यंत्राची टकटक, म्हणजे क्लिक ट्रॅक, दिला. त्याने दोन मिनिटं ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला. म्हणाला, “हे टकटक बंद करा साहेब, मला आईचं म्हणता येत नाही यात.” क्लिक बंद केला. मग त्याने जे वाजवलं त्यावर मी बाकीचं सगळं संगीत नव्याने बसवलं, उलट्या क्रमाने. दोन दिवस जास्त गेले आणि त्याचे पैसे मला मिळाले नाहीत. ते जाऊ द्या. संध्याकाळी निर्मात्याचा माणूस व्हाउचर घेऊन आला. त्यावर लिहिलं होतं: ‘लोकवाद्य, १ नग’. संबळवाद्याने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाला, “नग दोन आहेत. संबळ जोडीचा असतो.” सगळे हसले. तोही हसला, सही केली. जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, “टीव्हीवर नाव येईल ना?” मी हो म्हटलं. माहितीपट लागला तेव्हा शेवटची नामावली पडद्याच्या कोपऱ्यात काडीएवढी झाली आणि उरलेल्या जागेत पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात सुरू झाली. त्यानंतर त्याचा फोन उचलायला मला आठवडा लागला.

याच कॉपीराइट कायद्यात वादकालाही आपल्या वादनाचा कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क आहे. वापराच्या पद्धतीमुळे नाव देता येत नसेल तर सूट आहे, आणि ती सूट सगळे पोटभर वापरतात. पण फिल्म आता इंटरनेटवरही टाकता ना? खाली वर्णनाची चौकट असते. तिथे मंत्रालयाचं नाव मावतं, घोषवाक्य मावतं, दहा हॅशटॅग मावतात. दोन वादकांची नावं मावणार नाहीत?

पाचवी तक्रार छोटी आहे. एल-वनने रस्त्याचं डांबर घ्या, चालीला हा नियम लावू नका. डांबराचंही काय होतं ते आम्ही पावसाळ्यात पाहतोच.

कुणी म्हणेल, देशापुढे एवढे प्रश्न असताना हा पेटीवाला ढोलकी-तारप्याचं काय घेऊन बसलाय. त्यांना माझं सांगणं एवढंच, की मी संविधानाबाहेरचं काही मागत नाहीये. आपली भाषा, लिपी, संस्कृती जपायचा हक्क अनुच्छेद २९ देतो. प्रसार भारती कायदा १९९०चा, त्यातलं बारावं कलम सार्वजनिक प्रसारणाला सांगतं की देशातल्या निरनिराळ्या प्रदेशांच्या संस्कृतींना आणि भाषांना पुरेसं स्थान द्या. आकाशवाणी स्वतः अभिमानाने सांगते की आम्ही २३ भाषा आणि १७९ बोलींमधून बोलतो. म्हणजे केंद्रं आहेत, माणसं आहेत, फिती आहेत. आणि एक आठवण द्यावीशी वाटते: पहाटे आकाशवाणी सुरू होताना वाजणारी ती धून, जिच्यावर आपल्या तीन पिढ्या उठल्या, ती वॉल्टर कॉफमन या मध्य युरोपातून जीव वाचवून मुंबईला आलेल्या ज्यू संगीतकाराची मानली जाते. त्याला कुणी ‘भारतीय वाटेल असं कर’ म्हणून तक्ता दिला नसणार. तो इथे राहिला, इथलं ऐकलं, शिकला आणि मग लिहिलं.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१) सरकारी फिल्मच्या निविदेतून ‘तयार किंवा एआय संगीत चालेल’ ही ओळ काढा. जिथे प्रदेशाची ओळख दाखवायची आहे तिथे तिथल्या वादकाकडूनच वाजवून घ्या. चित्रीकरणाच्या पथकाबरोबर एक ध्वनिमुद्रक पाठवा. तारपा समोर वाजत असताना कॅमेरा चालू आणि माइक बंद, याला माझ्या मते एकही सबब पुरी पडत नाही.

२) पडद्यावर वाद्य वाजताना दिसत असेल तर तेच ऐकू आलं पाहिजे, अशी एक ओळ अटींमध्ये घाला. एका ओळीचं काम आहे.

३) रॉयल्टी सोडून देण्याचं कलम सगळ्या मसुद्यांतून काढा, आधी झालेल्या करारांतूनही, आणि तसं लेखी कळवा.

४) संगीतकार, अरेंजर, वादक यांची नावं फिल्मच्या शेवटी वाचता येतील इतका वेळ दाखवा आणि इंटरनेटवरच्या वर्णनात लिहा. क्यू शीट, म्हणजे कुठे कुणाचं संगीत वाजलं त्याचा तक्ता, भरून घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. व्हाउचरवर माणसाचं नाव असू द्या, नगांची संख्या नको.

५) संगीताचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवा. आज तो ‘पोस्ट-प्रॉडक्शन, इतर’ यात असतो आणि सगळ्यात आधी तोच कापला जातो.

६) आकाशवाणीच्या केंद्रांवरच्या लोकसंगीताच्या फिती वादकांच्या नावानिशी यादी करून खुल्या करा. आमच्यासारख्यांना वापरायला फी लावा, आनंदाने भरू. ती फी त्या घरांपर्यंत पोचेल एवढं पाहा.

मी दिवाळीनंतर जव्हारकडे जाऊन आलो. भातकापणी उरकली होती. एका पाड्यावर रात्री तारप्याचं ध्वनिमुद्रण केलं, साधं, दोन माइक लावून. तीन मिनिटं चाळीस सेकंद आहे. मध्ये कुत्रं भुंकतं, ते मी काढलेलं नाही. वाजवणाऱ्या काकांना तुमच्या फिल्मबद्दल सांगितलं. ते द्यायला तयार आहेत, त्यांच्या दोन अटी आहेत. नाव लिहायचं, आणि चाल मध्येच तोडायची नाही, कारण नाचणारे पडतात.

फिल्मची निविदा अजून उघडलेली नाही असं कळतं. तारप्याला किती सेकंद देता ते कळवा, म्हणजे मी काकांना तसा निरोप देईन.

आपला,
एक पार्श्वसंगीतकार
मुंबई